वर्तणूक : चांगली

महाराष्ट्रातल्या कुठल्याही माध्यमिक शाळेतून बाहेर पडलेल्या माणसाकडे एक कागद असतो, शाळा सोडल्याचा दाखला. बोलताना आपण त्याला टीसी म्हणतो. त्यावर नाव, आईचं नाव, धर्म, जात-पोटजात, जन्मगाव, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख असते आणि खालच्या बाजूला दोन रकाने असतात : 'अभ्यासातील प्रगती' आणि 'वर्तणूक'. पहिल्यात 'चांगली', 'बरी', 'साधारण' असं थोडं वरखाली होतं. दुसऱ्यात होत नाही. तुमचा दाखला काढून बघा. तिथे 'चांगली' असेल. फार तर 'समाधानकारक'.

माझी मावशी अकोल्यातल्या एका शाळेत लिपिक आहे. शाळेचं नाव सांगत नाही. तीस वर्षं ती हे दाखले भरते आहे, आधी बोरूच्या वळणाच्या अक्षरात आणि आता संगणकावर. मी तिला विचारलं, कधी 'वाईट' लिहिलंस का गं? ती म्हणाली, "कायले लिवू? पोट्ट्याच्या जिंदगीचा सवाल रायते बाबू. दुसरी शाळा घेईन काय त्याले?"

हे उत्तर मला पटतं आणि पटतही नाही. हा लेख त्या दोन्हींबद्दल आहे.

आधी हे बघू, की 'वर्तणूक' म्हणजे शाळेच्या लेखी काय. शाळेची डायरी उघडली की पहिल्या पानांवर नियम असतात. केस बारीक असावेत. दोन वेण्या, काळ्या रिबिनी. नखं कापलेली. बूट पॉलिश केलेले. प्रार्थनेला उशीर नको. पालकांच्या सहीशिवाय गैरहजेरी नको. मोबाइल आणू नये. गुरुजनांचा मान राखावा. अमरावतीत आणि अकोल्यात मिळून पाच-सहा शाळांच्या डायऱ्या मी मावसभावंडांकडून आणि त्यांच्या मित्रांकडून मागून वाचल्या. एका मुलानं दुसऱ्या मुलाशी कसं वागावं यावर त्यांत एकही धड नियम सापडला नाही. 'भांडणतंटा करू नये' एवढं होतं. पण भांडणतंटा म्हणजे आवाज. आवाज झाला की शाळेला त्रास होतो, म्हणून तो नियम.

शाळेतली शिस्त वर बघते. शिक्षकाकडे, मुख्याध्यापकाकडे, पाहुण्यांकडे. आडवं बघत नाही. गंमत अशी की रोज सकाळी मुलं जी प्रतिज्ञा म्हणतात, ती १९६२ साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या तेलुगू लेखकानं लिहिली, आणि तिच्यात वडीलधाऱ्यांच्या मानाबरोबर प्रत्येकाशी नीट वागण्याचंही वचन आहे. डायरीवाल्यांनी पहिलं अर्धं उचललं. दुसरं अर्धं उजवा हात पुढे करून म्हणायचं आणि हात खाली घेतला की सोडून द्यायचं.

त्यामुळे जो मुलगा सरांसमोर वाकून उभा राहतो, वही पूर्ण ठेवतो, स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करतो आणि मधल्या सुट्टीत एका विशिष्ट मुलाचं जगणं नकोसं करतो, त्याची वर्तणूक चांगलीच असते. यात लबाडी नाही. रकाना जे मोजतो त्यात तो खरोखर चांगला आहे.

दुसरी अडचण शब्दाची आहे. इंग्रजीतल्या 'बुलिंग'ला मराठीत नेमका शब्द नाही. छळ म्हटलं की सासुरवास आठवतो, दादागिरी म्हटलं की चौकातला गुंड, रॅगिंग म्हटलं की मेडिकल कॉलेजचं होस्टेल. शाळेत जे चालतं त्याला आपण 'चिडवणं' म्हणतो. आता या क्रियापदाची ठेवण बघा. चिडणारा चिडतो, म्हणून चिडवणाऱ्याचं चिडवणं पुरं होतं. म्हणजे क्रिया एकाची आणि ती सिद्ध होते दुसऱ्याच्या अंगावर. म्हणून घरोघरी एकच सल्ला मिळतो : तू चिडू नको, म्हणजे ते चिडवणार नाहीत. सोसणाऱ्याच्याच हातात चावी दिल्यासारखं वाटतं. खरं तर त्याच्या हातात दोष दिलेला असतो. तो हसून घेत असेल तर 'बघा, त्यालाही मजा वाटते', आणि रडला तर 'फारच हळवा बुवा'.

गंमत आणि छळ यांतली रेघ कुठे, हा प्रश्न मात्र खोटा नाही. मित्र एकमेकांना वाट्टेल ते बोलतात. वऱ्हाडात तर 'बे' लावल्याशिवाय प्रेम सिद्ध होत नाही. ही रेघ ओढायला मला आपल्याकडचाच एक शब्द उपयोगी वाटतो, आखाड्यातला. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, आणि कुस्ती म्हणजे काय हे या भागात समजावून सांगावं लागत नाही. कुस्ती लावताना आधी जोड बघतात. वजन, वय, तयारी. जोड नसताना लावलेल्या कुस्तीला कुणी कुस्ती म्हणत नाही, आणि ती जिंकणाऱ्याला कुणी फेटाही बांधत नाही. मित्रांच्या थट्टेत जोड असते. आज तू, उद्या मी. वीस जण एकीकडे आणि एक जण दुसरीकडे, रोज तोच एक, आणि उलट बोलायची सोय नाही, तिथे जोड नाही.

डॅन ओल्वेयस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडली. मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं आणि ताकद असमान असताना केलेलं, या त्याच्या तीन खुणा. १९८२ साली उत्तर नॉर्वेत तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केल्या. त्यामागे सवंगड्यांचा छळ असावा असं दिसलं, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारनं सगळ्या देशातल्या शाळांसाठी मोहीम काढली. त्याआधी तिकडेही 'पोरं आहेत, चालायचंच' असंच होतं.

आता मावशीच्या शाळेतली गोष्ट. तेल्हाऱ्याकडच्या एका गावातला मुलगा आठवीला अकोल्यात आत्याकडे राहायला आला. पहिल्याच आठवड्यात त्यानं वर्गात उठून विचारलं, "सर, फया पुसू काय?"

वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. शाळा ही शाया, डोळा हा डोया, केळं हे केयं. फळा हा फया. वर्ग हसला. सरही हसले, आणि दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "चल रे फया, फया पूस." त्यांच्या मनात काही नव्हतं याची मावशीला खात्री आहे, मलाही आहे. पण तोपर्यंत जे पाच-सात पोरांचं होतं त्यावर शाळेचा शिक्का बसला. वर्षभर त्या मुलाला नाव उरलं नाही. त्याच्या डब्यावर 'फया', सायकलच्या सीटवर खडूनं 'फया', हजेरीला त्याचा नंबर आला की मागून दबक्या आवाजात 'फया'. त्यानं वर्गात तोंड उघडणं बंद केलं. उत्तर येत असलं तरी उठायचा नाही, कारण उत्तरात कुठेतरी 'ळ' असायचाच.

हसणारी पोरं कुठली होती? अकोल्याचीच. त्यांच्या घरी आजी असंच बोलते. त्यांतली निम्मी स्वतः घरी असंच बोलतात. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून ज्याचं नाव घेतात ते लीळाचरित्र म्हाइंभटांनी ज्या रिद्धपुरात लिहिलं, ते गाव अमरावती जिल्ह्यात आहे, आणि आता मराठी भाषा विद्यापीठही तिथेच झालं. अशा मुलखातली पोरं आपल्याच बोलीला हसत होती, कारण एक अक्षर चुकलं की आपण कुणापेक्षा तरी वरचे ठरतो हे त्यांना कळलं होतं. यांतलेच काही पुढे पुण्याला कंपनीत लागतील आणि कॅन्टीनमध्ये 'काय करून रायला' म्हटल्यावर टेबल हसेल. मी अशा टेबलांवर बसलो आहे. तिथे मोठी माणसं असतात, पगार असतो, नोकरी बदलता येते. आठवीतल्या मुलाला बाक बदलता येत नाही.

आणि भाषा ही बरी, कारण तिच्यावर निदान उघड बोलता येतं. त्याच वर्गात आडनावावरूनही हिशेब चाललेले असतात. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की नोटीस वर्गात जाते आणि सर म्हणतात, "स्कॉलरशिपवाले उभे राहा." सात-आठ मुलं उभी राहतात, आणि जे चाळीस जणांना माहीत नव्हतं ते एका मिनिटात माहीत होतं. पुढची टोपणनावं कुठून येतात हे मग शोधायला नको. मावशीनं स्वतःच्या हातात होतं तेवढं केलं. ती नोटीस वर्गात पाठवतच नाही. रोल नंबरांची चिठ्ठी देते, आणि त्यात बसच्या पासवाली, आधार दुरुस्तीवाली, सगळीच मुलं मिसळून टाकते. कार्यालयाच्या खिडकीशी कोण कशाला आलं ते कुणाला कळत नाही. हे करायला तिला कुठला शासन निर्णय लागला नाही.

शासन निर्णय आणि कायदे आहेत, नाहीत असं नाही. शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्याला मनाई करतं, पण ते वाचताना डोळ्यांसमोर शिक्षकाची छडी येते. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. त्यातली शिक्षणसंस्थेची व्याख्या चांगली रुंद आहे आणि रॅगिंगमध्ये चिडवण्याचाही समावेश आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. पण आठवीतल्या पोराला 'फया' म्हटल्याबद्दल कुणी तो कायदा काढणार नाही, काढूही नये. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना झाली, आणि त्याच महिन्यात आमच्या अकोला जिल्ह्यात, बाळापूर तालुक्यातल्या काझीखेडच्या जिल्हा परिषद शाळेत मुलींशी केलेल्या गैरवर्तनाबद्दल शिक्षकाला अटक झाली. त्यानंतर शाळाशाळांत सीसीटीव्ही, तक्रारपेट्या, समित्या यांची धावपळ झाली. ती व्हायलाच हवी होती. पण कॅमेऱ्याला व्हरांडा दिसतो, शब्द ऐकू येत नाही. आणि तक्रारपेटी बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टांगलेली असते. तिच्यात चिठ्ठी टाकणारा मुलगा म्हणजे स्वतःच जाहीर केलेला चुगलखोर.

चुगली हा शाळेतला सगळ्यात मोठा गुन्हा, हे मुलं कुठून शिकतात? मला वाटतं, थेट शाळेकडूनच. सर वर्गाबाहेर जाताना मॉनिटरला सांगतात, बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिही. मॉनिटर लिहितो, पुन्हा बोलला तर नावापुढे फुली मारतो, सर येऊन फुल्या मोजतात. ही चुगलीच आहे, सरकारी मान्यता असलेली. आणि तीही कशासाठी, तर बोलण्यासाठी. कुणाचा डबा पाडला, कुणाच्या दप्तरात पाणी ओतलं, यासाठी फळ्यावर नाव लिहिलेलं मी तरी ऐकलं नाही. त्यामुळे मुलांच्या मनात हिशेब पक्का बसतो की वर सांगणं म्हणजे वरच्यांच्या सोयीसाठी सांगणं. एखाद्याला वाचवण्यासाठीही वर सांगता येतं, हा अनुभवच त्यांना मिळत नाही. मग ते गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्याला दोस्ती म्हणतात.

इथे तो नैतिक प्रश्न येतो, ज्यावर माझं आणि मावशीचं अजून एकमत झालेलं नाही. छळणाऱ्या मुलाचं काय करायचं?

सोपं उत्तर म्हणजे दाखला हातात देणं. 'टीसी देऊ' ही धमकी प्रत्येक शाळेत ऐकू येते. प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला काढून टाकायला कायद्यानंच मनाई आहे, म्हणून पालकांना बोलावून 'तुम्हीच घेऊन जा' असं समजावलं जातं. मग दाखल्यावर काय येतं? कारण : पालकांच्या विनंतीवरून. वर्तणूक : चांगली. तो कागद घेऊन मुलगा दुसऱ्या शाळेत जातो, आणि तिथे दुसरा कुणी सापडतो. शाळेनं प्रश्न सोडवलेला नसतो, पुढे ढकललेला असतो. आमच्या कामात याला पॅच मारणं म्हणतात, आणि तसे पॅच मारणाऱ्यांच्या नावानं पुढची टीम दोन वर्षं बोटं मोडते.

मग रकान्यात खरं लिहावं का? बरेच दिवस मला वाटायचं, लिहावं. आता वाटत नाही, आणि त्याचं कारण त्याच कागदावर आहे. दाखल्यावरच्या बाकीच्या नोंदी बघा. जन्मतारीख, जन्मगाव, जात, आईचं नाव. या बदलत नाहीत, म्हणून तर नोकरीपासून जातपडताळणीपर्यंत हा कागद आयुष्यभर पुरावा म्हणून चालतो. तेरा वर्षांच्या मुलाचा दुष्टपणा या ओळीत बसवायचा म्हणजे तोही जन्मतारखेसारखा कायमचा आहे असं म्हणायचं. हे खोटं 'चांगली'पेक्षा मोठं खोटं आहे. एवढ्यापुरती मावशी बरोबर आहे. तिचं खोटं दयेचं आहे आणि मी तिच्या जागी असतो तर हेच लिहिलं असतं.

फसगत पुढे होते. शाळा ते खोटं दुसऱ्यांसाठी लिहिते आणि मग स्वतःच त्यावर विश्वास ठेवते. दाखल्यावर सगळे चांगले, तर मग शाळेत काही घडतच नाही. माफ करायलाही आधी काय झालं ते कुणीतरी मोठ्यानं म्हणावं लागतं. न म्हणता केलेली माफी ही ज्यानं सोसलं त्याच्या खिशातून दिलेली असते.

माझं म्हणणं मावशीला असं : एक वही ठेवा. वर्गशिक्षकाकडे. त्यात मुलांनी मुलांशी काय केलं ते लिहा, तारीख घालून, विशेषण न लावता. छळणाऱ्याला समोर बसवून वाचून दाखवा, त्याचं म्हणणंही लिहा, आणि वर्ष संपलं की वही फाडून टाका. सर्व्हरवरचे लॉग आम्ही असेच ठेवतो. ठरावीक दिवस ठेवायचे, मग पुसायचे, कारण लॉग हे दुरुस्तीसाठी असतात, चरित्रासाठी नसतात. मावशी म्हणाली, "लिवणार कोण? एका वर्गात सत्तर पोट्टे. अन् संचालकाच्या नातवाचं नाव आलं मंग? थे वही पयले फाटते." या आक्षेपावर माझ्याकडे उत्तर नाही. संचालकाचा नातू हा प्रत्येक चांगल्या योजनेत कुठेतरी बसलेला असतोच.

फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठातल्या लोकांनी याची वेगळी बाजू पकडली. त्यांच्या योजनेचं नाव 'कीवा'. फिनिश भाषेत त्याचा अर्थ छान, आणि 'छळाविरुद्ध' या शब्दांचं ते लघुरूपही आहे. त्यांचं म्हणणं असं की छळणारा एक असतो, सोसणारा एक असतो, आणि खरा खेळ उरलेल्यांवर चालतो. कुणी हातभार लावतं, कुणी हसून दाद देतं, कुणी मान फिरवतं, क्वचित कुणी मधे पडतं. छळणाऱ्याला प्रेक्षक हवे असतात. म्हणून ते अख्ख्या वर्गाबरोबर काम करतात. 'फया' हे नाव एकट्या मुलानं ठेवलं असतं तर आठवड्यात विरलं असतं. ते टिकलं ते वर्ग हसला म्हणून, आणि सर हसले म्हणून.

हा विचार काही फिनलंडहूनच आणायला नको. पंजाबराव देशमुखांनी १९२० च्या दशकात अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, ते सगळ्या जातींच्या मुलांनी एकत्र राहावं, एकत्र जेवावं म्हणून. आजूबाजूला हे होत नव्हतं तेव्हा. एकमेकांना तुच्छ लेखू नका असा फलक त्यांना भिंतीवर लावता आला असता. त्यांनी पंगत बदलली. कोण कुणाशेजारी झोपतो, कोण कुणाच्या हातचं खातो, हे बदललं की कुणावर हसायचं हेही थोडं बदलतं. डायरीतल्या नियमांच्या पानापेक्षा वर्गातल्या बाकांचा नकाशा मुलांना जास्त शिकवतो असं मला वाटतं, आणि तो नकाशा बहुतेक शाळांत मार्कांनुसार नाहीतर उंचीनुसार ठरतो.

तो तेल्हाऱ्याकडचा मुलगा नववीच्या सहामाहीनंतर गावाकडच्या शाळेत परत गेला. दाखला न्यायला वडील आले होते. कापूस वेचणीचे दिवस, घाईत होते. मावशीनं दाखला वाचून दाखवला. 'पालकांच्या विनंतीवरून' आल्यावर ते म्हणाले, "म्या कुठी विनंती केली बाई? पोरगा शायेत यायले भ्यायचा, थे लिवा ना." मावशी म्हणाली, त्या रकान्यात तसं लिहीत नाहीत. ते बरं म्हणाले, अंगठ्याला लागलेली शाई पायजम्याला पुसली आणि गेले. ही गोष्ट तिनं मला दोन वर्षांनी सांगितली, भाजी निवडताना, माझ्याकडे न बघता.

गेल्या वर्षी तिच्या सांगण्यावरून मी शाळेसाठी एक साधा फॉर्म बनवून दिला. तक्रारपेटीऐवजी. नाव विचारायचं नाही, ईमेल घ्यायचा नाही, एकच चौकट, हवं ते लिहा. संगणकाच्या तासाला प्रत्येक मुलानं तो उघडायचाच, लिहायचं नसेल तर रिकामा पाठवायचा, म्हणजे कोण लिहितंय हे शेजाऱ्याला कळत नाही. पहिले दोन महिने पंखा चालत नाही, मुलींच्या संडासात पाणी नाही, पीटीचा तास गणिताचे सर घेतात, एवढंच आलं. तिसऱ्या महिन्यात आठवीच्या एका तुकडीतून चार ओळी आल्या. वर्गातल्या एका मुलाला रोज मधल्या सुट्टीत सायकल स्टँडमागे नेतात, कोण नेतात, काय करायला लावतात. शेवटी लिहिलं होतं : मी तो नाही, मी त्याच्या मागच्या बाकावर बसतो.

मुख्याध्यापकांचा मला पुण्याला फोन आला. आवाजात काळजी होती. म्हणाले, "हे कोणी लिहिलं ते काढता येतं का हो?"

मी म्हटलं, नाही सर, येत नाही. तसंच बनवलं आहे.

संध्याकाळी मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बरं केलं. आता पाह्यतील तरी सायकल स्टँडकडे."